केळबंदरचा शिधा

समुद्रकिनारी विश्रांतीसाठी निघालेल्या कुटुंबाच्या गाडीत बाजरीच्या पिठाचा डबा असू नये, हे माझे म्हणणे होते आणि आजही आहे. शेगडी, लहान सिलिंडर, परात, तवा, तेलाचा कॅन, शेंगदाण्याचे कूट आणि लसणाची चटणी यांविषयीही माझे मत वेगळे नव्हते. परंतु कवठे येमाईच्या आमच्या अंगणात पप्पूची गाडी उभी राहिली तेव्हा तिची डिकी आधीच भरलेली होती, आणि आमच्या बॅगा मांडीवर घ्याव्या लागतील, हे त्याने मला हसत हसत सांगितले. पप्पू माझा चुलत भाऊ. भाड्याची गाडी चालवतो, आणि घरात वाद झाला की ज्याच्या हाती जेवण, त्याच्या बाजूने उभा राहतो.

हा वाद शेगडीचा नव्हता, शब्दाचा होता. माझी पत्नी अनिता दौंडच्या रेल्वे वसाहतीत वाढली. तिच्या वडिलांना पास मिळे. सुट्टी लागली की ते कुटुंब एक पिशवी घेऊन गाडीत बसे आणि ज्या स्टेशनात जे मिळेल ते खाई. प्रवास म्हणजे स्वयंपाकाला सुट्टी, ही तिची लहानपणापासूनची समजूत. लग्नानंतर तिने आमच्याबरोबर कितीतरी देवस्थाने केली आणि प्रत्येक ठिकाणी धर्मशाळेची मागची बाजू पाहिली. कारण आमच्याकडे प्रवासाला निघताना शिधा बरोबर घेतात. पुरुष दर्शनाच्या रांगेत उभे राहतात आणि बायका आडोसा पाहून चूल मांडतात. विकतचे जेवण म्हणजे घरात करणारी बाई नसल्याची कबुली, असे आमच्या भावकीत मानले जाते. दिवाळीत चकल्या तळताना ती कढईकडे पाहत म्हणाली होती, "एकदा तरी असं कुठंतरी न्या, जिथं मला शेगडी पेटवावी लागणार नाही." मी म्हणालो होतो, "नेतो."

मी शिरूरच्या न्यायालयात दिवाणी दावे चालवतो. दिलेला शब्द मी करारासारखा वाचतो. नाताळच्या सुट्टीत मी केळबंदर या किनाऱ्यावरच्या लहानशा गावी जेवणासकट दोन खोल्या ठरवल्या आणि तेथे काय पाहावे, काय करावे, याचा कार्यक्रम कोर्टाच्या बोर्डासारखा, म्हणजे दिवसभराच्या दाव्यांच्या यादीसारखा, आखला. पहाटे खाडीच्या मुखापर्यंत ओल्या वाळूवरून चालणे. भरतीच्या वेळी होडीने बेटावरचा किल्ला. दुपारी सुरूच्या बनात पडून राहणे. चार वाजता दीपगृह. मग धक्क्यावर मासळीचा लिलाव. आणि संध्याकाळी खडकाच्या टोकावरून सूर्यास्त. या कार्यक्रमात आई-आबा नव्हते. तेही येणार, हे मला निघण्याच्या आदल्या दिवशी कळले.

"आई, तिथं जेवण मिळतं," अंगणात मी म्हणालो.

"मासळीच्या भांड्यातलं?" आईने गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला.

"शाकाहारी भांडी वेगळी असतात."

"भांडी येगळी आस्तील. हात येगळा आस्तोय का? मासा कापलेलाच हात ना?"

"धुतलेला हात चालत नाही का तुला?"

"माळ घातलीया मी, सत्या. तुझ्या कोर्टावानी तारीख वाढवून न्हाई मिळत हितं."

ओट्यावर पान लावत बसलेले आबा खूष झाले. "आता बोला, वकीलसाहेब!"

"मग तुझ्यापुरतं घे," मी माघारीचा प्रस्ताव ठेवला.

"माझ्यापुरतं? मी येकटी भाकर खाऊ आन् तुमी भाईर ताटं मांडून बसा? लोक काय म्हंतील?"

"कोण लोक? केळबंदरला आपल्याला कोण ओळखतं?"

"पप्पू हाय की!"

पप्पूने गंभीरपणे मान हलवली. हा युक्तिवाद कोणत्याही न्यायालयात टिकला नसता. आमच्या अंगणात टिकला. अनिताने बॅग मांडीवर घेतली आणि म्हणाली, "चला, उशीर होतोय."

घाट उतरून दुपार कलता कलता आम्ही केळबंदरला पोचलो. शेवटच्या वळणावर समुद्र दिसला तेव्हा माझी मुलगी अपेक्षा ओरडली, पप्पूने हॉर्न वाजवला आणि आबांनी गाडी थांबवायला लावली. ते खाली उतरले, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहत राहिले.

"येवढं पाणी," ते शेवटी म्हणाले, "आन् येका वावरात न्हाई."

मग त्यांनी आमच्या शेजारच्या ज्योतिबाला फोन लावून लाईट आली का, मोटर चालू केली का, कांद्याला पाणी कुठवर गेले, हे विचारले. समुद्राकडे पाठ करून विचारले, कारण तिकडून रेंज येत नव्हती.

ज्यांच्या घरी आम्ही उतरलो त्या सगुणाबाईंनी आमच्या गाडीतून परात निघताना पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "जेवण आहे हो आमच्याकडे. डाळ-भात, वालाची उसळ, मोदकसुद्धा करते मी. मासे नको तर नको."

"तसं न्हाई बाई," आई मोठ्या सौजन्याने म्हणाली, "पर चूल तर तीच ना?"

खोलीत शेगडी पेटवायची नाही, एवढी अट मात्र सगुणाबाईंनी घातली. तेव्हा शेगडी मागच्या वाडीत, विहिरीच्या कठड्यालगत मांडली गेली. तेथे माडाखाली बसू नका, डोक्यात नारळ पडेल, असे सगुणाबाईंनी बजावले; म्हणून ती माडापासून दूर, वाऱ्याच्या तोंडावर सरकवण्यात आली. खारा वारा ज्योत विझवू लागला. पप्पूने गाडी आडवी लावून आडोसा केला. त्यामुळे अनिताला समुद्राचा जो एक निळा तुकडा झाडांमधून दिसत होता, तोही दिसेनासा झाला.

संध्याकाळी मी अपेक्षाला घेऊन खडकाच्या टोकावर गेलो. सूर्य पाण्याच्या वर हातभर होता. अनिता अजून आली नव्हती. मी परत धावलो.

"दोन भाकरी राहिल्यात," ती परातीतून मान वर न करता म्हणाली. केसांना पीठ लागले होते. भाकरी थापताना वाऱ्याने पिठात वाळू येत होती आणि ती बोटाने वेचून टाकत होती.

"आई, सूर्य हिच्यासाठी थांबणार नाही. भाकरी थांबेल."

"गार भाकर आबा खात न्हाईत."

"आबांनी एक दिवस खाल्ली तर काय होईल?"

"ते त्यास्नीच इचार."

"मी तुला विचारतोय."

मी पुढे असे मांडले की अन्न गरम असणे ही सोय आहे, धर्म नव्हे. माळेचा संबंध पदार्थाशी आहे, तापमानाशी नाही. आणि ज्या प्रथेचा सगळा भार एकाच व्यक्तीवर पडतो, तिला कुटुंबाची प्रथा म्हणता येत नाही. मुद्दे बिनतोड होते. आईने ते शांतपणे ऐकून घेतले. अनिताने तोवर दोन्ही भाकरी भाजल्या. मी गाडीच्या पलीकडे पाहिले तेव्हा आकाश तांबूस होते आणि अपेक्षा एकटीच परत येत होती. "काय भारी होता, पप्पा!" ती म्हणाली. "तुम्ही का नाही आलात?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अनिताला हलवून उठवायला गेलो तर ती अंथरुणात नव्हती. वाडीत चहा उकळत होता. आईला सगुणाबाईंच्या स्वयंपाकघरातले दूध चालत नव्हते. पप्पू गवळ्याकडून वेगळे दूध घेऊन आला होता. चहामागून पोहे आले. ऊन चढले, खाडीच्या मुखाशी जायची ओली वाळू कोरडी झाली. किल्ल्याची होडी भरतीला सुटणार होती. भरती नेमकी जेवणाच्या वेळेला आली. मी धक्क्यावर जाऊन नावाड्याला थोडे थांबायची विनंती केली.

"मी थांबेन हो," तो म्हणाला, "पाण्याला कोण सांगणार?"

तेव्हा मी मूळ कारणावरच घाव घालायचे ठरवले. गावात निव्वळ शाकाहारी खानावळ असेल तर आईचा आक्षेपच उरत नव्हता. विचारत विचारत मला ती ब्राह्मणआळीत सापडली. दाराला कुलूप होते. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितले की दत्तमंदिरात पारायणाचा सप्ताह बसला आहे. खानावळवाले आठवडाभर तिकडेच महाप्रसाद रांधतात, दोन्ही वेळ, येईल त्याला.

उन्हातून मी परत आलो आणि झाले ते वाडीत सांगितले. माझा शेवटचा उपायही बुडाला, असेच मी ते सांगितले. अनिता वांगी चिरत होती. तिने सुरी थांबवली.

"देऊळ कुठं आहे?"

"आळीच्या टोकाला. पण खानावळ बंद आहे, अनिता. आपला प्रश्न खानावळीचा आहे."

"हं," ती म्हणाली आणि वांगी चिरू लागली.

दीपगृहाची वेळ भांडी घासण्यात गेली. लिलावाची वेळ संध्याकाळच्या तयारीत. मी एकटाच सुरूच्या बनापर्यंत जाऊन आलो, पण जिच्यासाठी हा बेत होता ती नसताना तेथे पडून राहणे मला चोरीसारखे वाटले. आबा आणि पप्पू रेंज शोधायला म्हणून बाहेर पडले होते. ते दिवेलागणीनंतर परतले आणि विहिरीच्या कठड्यावर टेकले. अनिताने ताटे मांडली. बाजरीच्या भाकरीचा ढीग, भरले वांगे, चटणी, कांदा.

आबांनी भाकरीकडे पाहिले आणि पोटावरून हात फिरवला. "मला तेवढी भूक न्हाई आज."

"मला बी न्हाई, काकू," पप्पू म्हणाला. "उन्हानं आसंल."

"ऊन कवाच गेलं," आई म्हणाली. ती बॅटरीच्या उजेडात आबांच्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहत होती. छातीवर गुलाबी डाग होता. "ह्यो कसला?"

"सरबत सांडलं," पप्पू तत्परतेने म्हणाला.

तेवढ्यात सगुणाबाई मागच्या दारात आल्या. हातात तांब्या होता. "आजोबा, सोलकढी आणखी हवी म्हणालात ना? ताटावरनं तसेच उठलात. आणि सुरमई आवडली की नाही, ते नाही सांगितलंत."

समोरच्या पडवीत हे दोघे ताट वाढून घेऊन जेवले होते, आणि त्याच घराच्या मागे अनिता त्यांच्यासाठी वाऱ्याशी भांडत भाकरी भाजत होती.

"म्या काय माळ घातलीया?" आबांनी शेवटी आवाज चढवला. "समुद्रावर येऊन वांगं खाऊ व्हय? वांगं काय, माझ्या वावरात हाय!"

"आन् मग ही पोर कुणासाठी थापीत बसलीया?"

"तूच बसवलीस की तिला!"

आई आणि आबा एकमेकांवर तुटून पडले. त्यांच्या लग्नातल्या मानपानापर्यंत मागे गेले. मला वाटले, आता तरी माझा मुद्दा मान्य होईल. मी बोलायला उभा राहिलो. "याचा अर्थ असा, की—"

"तुमी खाली बसा," आई मला म्हणाली. रागावली की ती मला अहो-जाहो करते.

अनिताने उरलेल्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या, गाठ मारली आणि हात धुतले. हात धुताना तिने ते नेहमीपेक्षा जास्त वेळ पाण्याखाली धरले. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "उद्या मी बघतो काय ते."

"तुम्ही दोन दिवस बघताय," ती म्हणाली. स्वरात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागले.

सकाळी वाडीत शेगडी पेटलेली नव्हती. आई न्हाऊन, कपाळाला बुक्का लावून तयार बसली होती. "अनिता म्हंती, दत्ताचा सप्ताह हाय गावात. दर्शन घेऊन येऊ, मंग चहा." तिच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत प्रथमच समाधान होते; समुद्रात तिला बघण्यासारखे काही आढळले नव्हते, पण देऊळ तिला कुठेही चालते. अनिता आधीच गाडीत बसली होती. आबाही रात्रीच्या प्रकारामुळे मऊ झाले होते; तेही आले.

मंदिराच्या आवारात मांडव होता. मागच्या बाजूला मोठमोठ्या चुली पेटल्या होत्या आणि सोवळे नेसलेले खानावळवाले भाताचे पातेले उतरवत होते. दर्शन झाले. आई पारायणाच्या बायकांत बसायला वळली, इतक्यात अनिता पप्पूला म्हणाली, "भाऊजी, डिकी उघडा."

पप्पूने उघडली. अनिताने पदर खोचला आणि पिठाचा डबा स्वतः उचलला. मग डाळ, तांदूळ, तेल, गूळ, शेंगदाण्याचे कूट, मसाला, उरलेली वांगी. एकेक वस्तू तिने मांडवात नेऊन देवासमोर ठेवली. पंचांपैकी एक गृहस्थ लगबगीने पुढे आले.

"हा शिधा महाप्रसादासाठी," अनिता स्पष्ट आवाजात म्हणाली. "माझ्या सासूबाईंच्या नावानं. तुळजाबाई हौसराव मुंजाळ, कवठे येमाई, तालुका शिरूर."

ते नाव लगेच कर्ण्यावरून सांगितले गेले, दोनदा. बायकांनी वळून आईकडे पाहिले. आईने अभावितपणे डोक्यावरचा पदर सारखा केला. तिच्या चेहऱ्यावर अभिमान आणि धसका एकाच वेळी आले. ती अनिताच्या कानाशी लागली.

"आगं, पीठ तरी ठेवायचं मागं थोडं."

"देवाला देताना मागं ठेवायचं, आई?"

देवापुढे ठेवलेला शिधा परत मागत नाहीत. आमच्या घरात हे मला कोणी कधी शिकवले नव्हते, कारण शिकवायची गरज कोणाला वाटली नव्हती. आई तर ते माझ्यापेक्षा फार आधीपासून पाळत होती.

"आई, आता काल्यापर्यंत दोन्ही वेळ इथंच जेवायचं," पंच हात जोडून म्हणाले. "प्रसादाला नाही म्हणायचं नाही." आणि खानावळवाले बाजरीच्या डब्यात हात घालून म्हणाले, "भाकरी मात्र आमच्या हातून नाही व्हायची हो. ही देशावरच्या बायकांचीच कला."

"त्यात काय आवघड हाय?" आई म्हणाली आणि उठली.

मी अनिताकडे पाहिले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ज्या गोष्टीतून सुटण्यासाठी तिने हे केले, तीच आता शेकडो माणसांच्या पंक्तीच्या रूपाने तिच्यापुढे येऊ घातली होती. आईने परात ओढली, पीठ काढले, पाणी मागितले. चार-पाच बायका भोवती जमल्या. आईने पहिला गोळा मळला आणि मान वळवली.

"अनिते—"

अनिता पुढे झाली.

"तू नको," आई म्हणाली. "तुझी पातळ व्हत न्हाई. ह्या बायका बघत्यात, नाव जाईल." आणि तिने पहिली भाकरी अशी थापली की जमलेल्या बायकांच्या तोंडून "अगंबाई!" निघाले.

मांडवातून बाहेर पडून अनिता रस्ता ओलांडून, वाडीतून, सरळ किनाऱ्यावर आली. मी तिच्या मागे जवळजवळ धावत होतो, कारण भरतीला अजून वेळ होता आणि तीन दिवसांत प्रथमच माझा कार्यक्रम शक्य कोटीत आला होता.

"होडी सुटायला अवकाश आहे," मी म्हणालो. "आधी किल्ला. परत येताच दीपगृह. मधल्या वेळात लिलाव बसतो. संध्याकाळी टोकावर."

ती सुरूच्या बनात थांबली. सावलीची जागा पाहिली. चपला काढल्या, दोन्ही जोडून बाजूला ठेवल्या आणि वाळूवर आडवी झाली.

"अनिता?"

"तुम्ही जाऊन या किल्ल्याला."

"अगं, पण तुझ्यासाठीच तर—"

"अहो," डोळे मिटून ती म्हणाली, "आजचा बोर्ड तहकूब करा."

मी तिच्याशेजारी बसलो आणि शांत स्वरात सुरुवात केली. पहिला मुद्दा असा, की झोप घरीही मिळते. दुसरा असा, की ज्या माणसाने इतक्या लांबून येऊन समुद्राकडे नीट पाहिलेही नाही, त्याने निदान एकदा डोळे उघडून पाहावे. तिसरा मांडण्यापूर्वी मी तिच्याकडे पाहिले. तिचे तोंड किंचित उघडे होते. एका हाताची बोटे वाळूत रुतली होती, आणि नखांच्या कडेला कालचे पीठ वाळून राहिले होते. ती गाढ झोपली होती.

धक्क्यावर होडी लागली होती. आबा धोतर वर खोचून पाण्यात उतरत होते. पप्पू त्यांना हाताला धरून चढवत होता. अपेक्षा आधीच बसली होती. आबांना माझ्या कार्यक्रमातली एकही गोष्ट माहीत नव्हती, आणि ते माझ्या किल्ल्याला निघाले होते. अपेक्षाने मला पाहिले आणि दोन्ही हात हलवून बोलावू लागली. नावाडीही थांबला होता. अजून दोन माणसे मावत होती.

"येताय का?" त्याने दुरून विचारले.

उत्तर द्यायचे तर ओरडून द्यावे लागले असते. मी अनिताकडे पाहिले, मग होडीकडे, आणि तोंड बंद ठेवले. नावाड्याने पुन्हा विचारले. मग त्याने दोर सोडला, इंजिनाने धूर टाकला, आणि होडी निघाली.